पहिली भेग कुठे पडते

माझ्या खोलीच्या भिंतीवर एकास दहा प्रमाणातल्या मोटारींच्या अकरा बॉड्या टांगलेल्या आहेत आणि त्यांतली एकही धड नाही. प्रत्येकीच्या आतल्या बाजूला, पहिली भेग जिथे पडली तिथे, मी तारखेची कागदी चिठ्ठी लावून ठेवली आहे. तारखेखाली एकच ओळ असते: गाडी कशावर आणि कोणत्या बाजूने आदळली. रेडिओ-नियंत्रित गाड्यांच्या शर्यतीसाठी टिकाऊ बॉडी कशी निवडावी याबद्दल गेल्या सहा वर्षांत मला जे कळले, ते दुकानातल्या खोक्यांवरच्या मजकुरापेक्षा या अकरा चिठ्ठ्यांनी अधिक शिकवले. बॉडी किती मजबूत आहे हे खोक्यावर लिहिलेले असते. ती कुठे तुटेल हे कधीच लिहिलेले नसते, आणि निवड करताना विचारण्याजोगा प्रश्न तोच आहे.

आम्ही आठ-दहा जण दर रविवारी पहाटे पश्चिम नागपुरातल्या एका शाळेच्या काँक्रीटच्या बास्केटबॉल मैदानावर जमतो. पाण्याचे प्लास्टिकचे पाइप उभे चिरून, जमिनीवर टेपने चिकटवून वळणांच्या कडा आखतो. मैदानाच्या एका बाजूला दीड फूट उंचीची विटांची भिंत आहे, आणि माझ्या अकरांपैकी सहा चिठ्ठ्यांवर तिचाच उल्लेख आहे. आमचा वर्ग जुन्या वळणाच्या गाड्यांचा आहे: १९७५ च्या आधी रस्त्यावर आलेल्या गाडीचेच रूप चालते, टायर खाचांचे असावे लागतात आणि मोटर सर्वांची सारखी व मुद्दाम सौम्य ठेवलेली असते. तरीही सरळ पट्ट्यात वेग ताशी तीस किलोमीटरपर्यंत जातो. या वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे तीच गाडी साडेतीन मीटर उंचीवरून, साधारण पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून, तोंडावर खाली पाडण्यासारखे आहे. हा हिशेब मी पहिल्यांदा कागदावर केला, तेव्हा बॉडीकडे शोभेची वस्तू म्हणून पाहणे कायमचे थांबले.

जुन्या वळणाच्या बॉडीची अडचण तिच्या रूपातच आहे. आजच्या शर्यतीच्या बॉड्यांचे नाक जमिनीपर्यंत उतरत जाते, त्यामुळे आडवी आलेली कड त्यांच्यावरून बरेचदा सरकून जाते. साठ-सत्तरच्या दशकांतल्या गाड्यांचे नाक उभे, जाळी सपाट, बंपर पुढे आलेला आणि डिकी लांबलचक असते. धडक सरळ छातीवर येते. अमेरिकेत १९६६ साली सुरू झालेल्या ट्रान्स-ॲम या मोटारशर्यतींच्या मालिकेतल्या मस्टँग आणि कॅमॅरो ही या छंदातली सर्वांत लोकप्रिय रूपे आहेत, आणि दोन्ही याच उभ्या नाकाच्या. त्यांची एक गोष्ट मला फार आवडते. पेन्स्की संघाने आपला चालक मार्क डोनोह्यू याच्यासाठी तयार केलेल्या कॅमॅरोचा पत्रा वजन कमी करण्यासाठी आम्लात बुडवून पातळ केला होता, आणि १९६८ व १९६९ या दोन्ही वर्षी विजेतेपद कॅमॅरोकडेच गेले. म्हणजे पातळ बॉडीचा मोह छोट्या गाड्यांच्या आधी मोठ्या गाड्यांना पडला होता. मात्र त्यांना दर आठवड्याला शाळेच्या भिंतीवर आदळायचे नव्हते.

पदार्थाचा प्रश्न मला दोन सख्ख्या भावंडांनी समजावला. जपानच्या तामिया कंपनीने १९८४ साली ग्रासहॉपर आणि हॉर्नेट या दोन बग्ग्या आणल्या. दोघींचा सांगाडा जवळजवळ एकच, पण ग्रासहॉपरची बॉडी कडक प्लास्टिकची, साच्यात ओतलेली, तर हॉर्नेटची बॉडी पॉलिकार्बोनेटच्या पातळ पारदर्शक चादरीची. दोन्हींची नव्याने काढलेली प्रत माझ्याकडे आली, तेव्हा मी दोन्ही एकाच अंगणात, एकाच पायरीवर आपटेपर्यंत चालवल्या. ग्रासहॉपरच्या कडा रेखीव होत्या, पत्र्याचे सांधे खरे वाटत होते, हाताला तिचे वजन जाणवत होते. ती आपटली की जिथे आपटली तिथे आधी पांढुरकी रेघ उमटे, आणि पुढच्या एखाद्या धडकेत त्याच रेघेवर तुकडा निघे. हॉर्नेटची बॉडी प्रत्येक धडकेत आत जाई आणि परत बाहेर येई. रंगाला सुरकुती पडे, पण तुकडा निघत नसे. मग एक दिवस, विशेष काही न होता, बॉडी सांगाड्याला अडकवणाऱ्या क्लिपच्या भोकापासून बोटभर भेग गेलेली दिसली.

तेव्हापासून कडक प्लास्टिक चांगले की पॉलिकार्बोनेट चांगले, असा वाद मी घालत नाही. दोघांचा मोडण्याचा स्वभाव वेगळा आहे आणि दोघांची काळजी वेगळी घ्यावी लागते. एबीएससारखे कडक प्लास्टिक आधी सूचना देते आणि मग तुटते, पण तुटले की जोडता येते. ॲसिटोनमध्ये त्याच प्लास्टिकचा भुगा विरघळवून केलेली खळ भेगेत भरली की दोन्ही कडा एकजीव होतात आणि वाळल्यावर घासून, रंगवून जागा ओळखू येत नाही. पॉलिकार्बोनेट शंभर धडका मुकाट्याने सोसते, पण त्याची भेग एकदा सुरू झाली की अशी विरघळवून सांधता येत नाही. तिला मागून टेकूच द्यावा लागतो. कडक प्लास्टिकच्या बॉडीत खिडक्यांच्या काचा वेगळ्या बसवतात, त्यामुळे छत चार बारीक खांबांवर उभे राहते आणि गाडी उलटली की पहिला खांब मोडतो. पॉलिकार्बोनेटच्या बॉडीत काच, खांब आणि छत एकाच चादरीचे असतात, खांब केवळ रंगाने दाखवलेला असतो, म्हणून उलटणाऱ्या गाडीला ती अधिक साथ देते. आमच्या मैदानावर मे महिन्यात टायर इतके चिकटतात की वळणात गाडी घसरण्याऐवजी उलटते. त्यामुळे शर्यतीपुरता माझा कौल पॉलिकार्बोनेटला आहे. कपाटात ठेवून पाहायच्या आणि संध्याकाळी अंगणात हळू चालवायच्या गाडीला मात्र मी आजही कडक बॉडीच घेईन, कारण जुन्या गाडीच्या पत्र्याची धार पातळ चादरीत कधीच पूर्ण उतरत नाही.

हे पॉलिकार्बोनेट १९५३ साली जर्मनीत बायरच्या हर्मान श्नेल यांना आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांना, एकमेकांना ठाऊक नसताना, गवसले. जनरल इलेक्ट्रिकने त्याला लेक्झान हे नाव दिले आणि आमच्या मंडळींच्या तोंडी आजही तेच आहे. चंद्रावर गेलेल्या अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाचा पारदर्शक घुमट याच पदार्थाचा होता. त्याचे सुमारे १४७ अंश सेल्सिअसपर्यंत मऊ न पडणे नागपूरकरांच्या विशेष कामाचे आहे. एबीएस शंभर-एकशेपाच अंशांच्या आसपास नरमते, आणि त्याच्या बऱ्याच आधी, वर वजन असेल तर, हळूहळू बाक धरू लागते. मेमध्ये बंद मोटारीच्या मागच्या काचेखाली मी एकदा कडक बॉडीवर बॅटऱ्यांची पेटी ठेवली होती. दुपारी परत आलो तेव्हा छताला उथळ खड्डा पडला होता आणि तो आजही आहे. शेजारची लेक्झानची बॉडी जशीच्या तशी होती, फक्त तिची स्टिकरे कडांनी उचलली होती.

जाडीबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. बाजारात बहुतेक बॉड्या पाऊण मिलिमीटर किंवा एक मिलिमीटर जाडीच्या चादरीपासून केलेल्या मिळतात. हलक्या म्हणून विकल्या जाणाऱ्या त्याहूनही पातळ असतात. एक मिलिमीटर पॉलिकार्बोनेटची चादर चौरस मीटरला १.२ किलो भरते आणि पाऊण मिलिमीटरची ९०० ग्रॅम, म्हणजे एका बॉडीत वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक. हे वजन गाडीत सर्वांत उंचावर असते म्हणून वेगासाठी धडपडणारे ते वाचवू पाहतात. मी मात्र जुन्या वळणाच्या गाडीला कायम एक मिलिमीटरच घेतो. पण खरा मुद्दा असा की खोक्यावर लिहिलेली जाडी ही चादर साच्यावर ओढण्यापूर्वीची असते. तापवलेली चादर साच्यावर खाली येते तेव्हा ती आधी छताला टेकते आणि टेकताक्षणी थंड होऊ लागते. छताची जाडी त्यामुळे जवळजवळ मूळची राहते. उरलेला सगळा ताण बाजूंना आणि सर्वांत शेवटी खालच्या कोपऱ्यांना पडतो. म्हणजे जिथे मार बसत नाही तिथे बॉडी सर्वांत जाड आणि बंपरच्या कोपऱ्यात, जिथे प्रत्येक वीट लागते, तिथे सर्वांत पातळ. एक मिलिमीटरच्या म्हणून घेतलेल्या माझ्या एका मस्टँगचा पुढचा कोपरा मोडल्यावर मी तो व्हर्निअरने मोजला, तर तिथे निम्मीही जाडी उरलेली नव्हती.

म्हणून बॉडी विकत घेताना मी छत पाहत नाही. पुढचा कोपरा अंगठ्याने हळू दाबतो आणि तो आत जाताना व परत येताना कसा वागतो ते पाहतो. कुरकुर करत, कागदासारखा आत जात असेल तर बॉडी परत ठेवतो. नंतर बोनेट पाहतो. सपाट बोनेट ठोकरीने लपलपते आणि घडीच्या रेषेवर थकते. गोलाई असलेले बोनेट तेवढ्याच जाडीत दुप्पट भरवशाचे वाटते, कारण वक्र पृष्ठभाग स्वतःच स्वतःला टेकू देतो. अंडे मुठीत सहज का फुटत नाही, त्याचेच हे कारण. या एका कसोटीवर साठच्या दशकातल्या अमेरिकन गाड्या मागे पडतात आणि पन्नाशीच्या वळणाच्या, गालफुगऱ्या, गोल मडगार्डांच्या गाड्या पुढे येतात. बीटल, मिनी, आणि आपल्या डोळ्यांसमोर लहानपणापासून असलेल्या ॲम्बेसेडर आणि पद्मिनी.

पद्मिनीशी माझे नाते जुने आहे. १९८८ साली वडिलांनी जुनी, साईच्या रंगाची पद्मिनी घेतली होती. एका ट्रकच्या मागच्या फळीने तिचे डावे मडगार्ड चेपले, तेव्हा डेंटरने ते आतून लाकडी ठोकळा धरून बाहेरून हातोडीने ठोकत ठोकत दिवसभरात पूर्ववत केले. मी शाळा बुडवून ते पाहत उभा होतो. पत्रा मार लक्षात ठेवतो, पण समजूत घातली की विसरतो, असे तेव्हा वाटले होते. लेक्झानचे उलटे आहे. मार बसला तेव्हा काहीच झाले नाही असे ते दाखवते आणि सगळे आत साठवून ठेवते.

शेवटी पद्मिनीचीच बॉडी स्वतः करून घ्यायचे मी ठरवले. तिचा मूळ अवतार, फियाट ११०० डिलाइट, भारतात १९६४ साली आला, त्यामुळे आमच्या नियमात तो बसतो. त्याच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर २३४० मिलिमीटर, म्हणजे एकास दहा प्रमाणात २३४. तामियाच्या एम मालिकेतल्या छोट्या चेसिसना २१०, २२५ आणि २३९ मिलिमीटर अशी तीन अंतरे मिळतात. पाच मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही. मूळ कॅमॅरोचे अंतर दहाव्या भागात २७४ येते आणि नेहमीचा टूरिंग चेसिस २५७-२६० चा असतो; म्हणजे बाजारातली प्रत्येक छोटी कॅमॅरो मुळातून आखडलेली असते, तिथे आमची पद्मिनी जवळजवळ खरी राहणार होती. अडचण रुंदीची होती. पद्मिनी १४६ सेंटिमीटर रुंद आणि चेसिस १६५ मिलिमीटरच्या घरातला, म्हणून मडगार्डे बाहेर काढावी लागणार होती. ती बाहेर काढताना गोलच काढायची, हे मी आधीच ठरवले.

साचा करून द्यायला मी ज्यांच्याकडे गेलो ते सुतारदादा इतवारीच्या मागच्या गल्लीत बसतात आणि वर्षातले तीन महिने लाकडी बैल करतात. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते त्याच दिवशी, तान्हा पोळा भरतो. लहान मुले चाकांवरचे लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत नेतात. आमच्या घरातला बैल माझ्या आजोबांच्या लहानपणापासूनचा आहे. त्याचा एक कान नाही आणि त्याच्याविषयी कोणीही कधी तक्रार केलेली नाही. मी सुतारदादांना माझ्या मोडक्या बॉड्या दाखवल्या आणि मजबूत साचा हवा असे सांगितले. त्यांनी बॉड्या उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाले, “भाऊ, बैलाचा कान तुटला तं लेकरू काही म्हणत नाही, तसाच फिरवते. पण चाकाजवळची खुंटी मोडली तं बैल खतम. म्हणून खुंटी आपण सागाची ठेवतो अन् कानाकडे लक्षच देत नाही. तुमच्या या गाडीत कान कोणता अन् खुंटी कोणती, ते पहिले सांगा.”

या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला दोन आठवडे लागले आणि त्यासाठी मी भिंतीवरच्या चिठ्ठ्या परत वाचल्या. आरसे, बंपरची टोके, जाळीच्या आतल्या रेघा हे कान. गेले तर जाऊ द्यावेत, शक्यतो वेगळे चिकटवावेत म्हणजे जाताना बॉडीचा लचका नेणार नाहीत. खुंट्या तीनच निघाल्या: क्लिपच्या भोकांभोवतीची जागा, पुढच्या चाकाच्या कमानीचा वरचा भाग आणि बंपर मडगार्डाला मिळतो तो खालचा कोपरा. अकरांपैकी नऊ भेगा या तीन जागांत सुरू झालेल्या होत्या.

सुतारदादांनी सागाचा साचा केला. बाजूंना खाली जाताना तीन-चार अंशांचा बाहेरचा उतार ठेवला, नाहीतर बॉडी साच्यावरून निघत नाही. पद्मिनीचे पोट खाली आत वळते, ते सोडून द्यावे लागले आणि मला त्याचे वाईट वाटले. खोबणींत हवा अडकू नये म्हणून एक मिलिमीटरची भोके पाडली. कोपऱ्यांना त्यांनी हाताने गोलाई दिली आणि ती किती असावी यावर आमची लांब चर्चा झाली, कारण गोलाई वाढली की चादर तिथे कमी ताणली जाते पण गाडी साबणाच्या वडीसारखी दिसू लागते. तीन मिलिमीटरवर आम्ही थांबलो.

चादर ओढण्याचे काम हिंगण्याच्या एमआयडीसीत, पॅकिंगचे ट्रे करणाऱ्या एका छोट्या युनिटमध्ये झाले. पहिल्या चार बॉड्या जुलैत काढल्या आणि चारही फेकाव्या लागल्या, कारण त्यांच्यात राईएवढे बुडबुडे होते. पॉलिकार्बोनेट हवेतली ओल शोषून घेते आणि साच्यासाठी ते १८०-१९० अंशांपर्यंत तापवले की ती ओल आतच उकळते. चादर आधी १२० अंशांच्या आसपास भट्टीत काही तास वाळवावी लागते. ट्रेच्या प्लास्टिकला याची गरज नसते, म्हणून तिथे कोणी ती वाळवत नव्हते. दुसऱ्या खेपेला चादरी रात्रभर वाळवल्या आणि काचेसारखी स्वच्छ पद्मिनी साच्यावरून निघाली. ती हातात धरून मी युनिटच्या दारात उन्हात किती वेळ उभा होतो हे मला सांगता येणार नाही.

यानंतरचे काम कात्रीचे, आणि माझ्या मते टिकाऊपणाचा निम्मा निकाल इथे लागतो. काच कशी तुटते याचा अभ्यास करताना ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ साली दाखवून दिले की पदार्थ त्याच्या हिशेबी बळाच्या फार आधी तुटतो, कारण त्यात आधीच असलेल्या बारीक भेगांच्या टोकांशी सगळा ताण गोळा होतो. आपण कात्रीने ठेवलेला प्रत्येक दाता, प्रत्येक अणकुचीदार वळण ही अशी आयती भेग असते. चाकाची कमान मी वाकड्या पात्याच्या कात्रीने, दोन मिलिमीटर आतून कापतो आणि मग आधी खरखरीत, नंतर बारीक पॉलिश कागदाने कड इतकी घासतो की नखाला काही अडू नये. पहिल्या वर्षी हे मी सुटीच्या दिवशी अर्ध्या तासात उरकत असे; आता पूर्ण संध्याकाळ देतो. दोन कापांचा कोपरा काटकोनात कधीच मिळू देत नाही; तिथे आधी गोल भोक पाडतो आणि दोन्ही काप त्या भोकात आणून सोडतो. क्लिपची भोके ड्रिलने पाडत नाही, कारण ड्रिलचे पाते पातळ चादरीला धरून फाडते; निमुळत्या रीमरने हळूहळू मोठी करतो. भोकाच्या खाली, पोस्टच्या, म्हणजे बॉडी तोलणाऱ्या चेसिसवरच्या खांबाच्या, टेकूवर सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती घालतो, म्हणजे धडकेत बॉडी नायलॉनवर न आपटता रबरावर टेकते. सहा वर्षांत केलेल्या सर्व उपायांत हा सर्वांत स्वस्त आणि, माझ्या चिठ्ठ्यांच्या साक्षीने, सर्वांत गुणकारी.

रंगाबद्दल थोडक्यातच सांगतो. तो आतून द्यायचा, लेक्झानसाठीचाच द्यायचा, आणि त्याआधी बॉडी साबणाच्या पाण्याने धुवायची. मोटारीचा साधा स्प्रे वाकवल्यावर पापुद्र्यांनी निघतो. पण त्याहून मोठा धोका थिनरचा आहे. माझी तिसरी बॉडी, एक कॅमॅरो, मी पेनाचे डाग काढण्यासाठी थिनरने पुसली होती. ती छान चकचकीत झाली. दोन आठवड्यांनी तिरप्या उन्हात पाहिले तर पोस्टच्या भोकांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा होत्या, आणि त्या रविवारी अगदी हलक्या धक्क्यात मागचा भाग भोकांच्या रेषेवर सरळ फाटला. थिनर, पेट्रोल, स्क्रू पक्के करायचे लॉकचे द्रव हे सगळे ताणाखाली असलेल्या पॉलिकार्बोनेटचे शत्रू आहेत. त्या चिठ्ठीवर मी भिंतीचे नाव लिहिलेले नाही.

बॉडी कितीही चांगली असली तरी ती एकटीने धडक सोसू शकत नाही, आणि हे समजायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. चेसिसच्या पुढे फोमचा बंपर असतो. बॉडीचे नाक आणि हा फोम यांच्यात बोटभर पोकळी असेल तर धडकेत आधी बॉडी एकटीच आत चेपते आणि मग फोमला टेकते; तेवढ्यात कोपरा गेलेला असतो. बाजारातला फोम आजच्या निमुळत्या नाकांसाठी कापलेला असतो, म्हणून पद्मिनीच्या उभ्या तोंडामागे तो सैल राहिला. मी पॅकिंगचा दाट फोम घेतला, तिच्या जाळीच्या आकाराचा कापला, कोपऱ्यांपर्यंत नेला आणि दोघांत दोन-तीन मिलिमीटरच जागा ठेवली. सुतारदादा म्हणत होते त्या खुंटीला मागून हात मिळाला.

आणि तरीही भेग पडली की काय करायचे, ते मी आता धडकेच्या आधीच करतो. जिप्समच्या पाट्यांच्या सांध्यांवर लावतात ती जाळीदार फायबरची पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तिचे तुकडे तीनही खुंट्यांच्या जागी, रंग पूर्ण वाळल्यावर आतून लावतो आणि त्यावर बुटांच्या दुरुस्तीचा लवचीक रबरी गोंद बोटाने पातळ पसरतो. कडक होणारा गोंद चालत नाही. तो बॉडीबरोबर वाकत नाही आणि त्याच्या कडेलाच नवी भेग सुरू होते. पूर्ण बॉडीला असा लेप देणाऱ्यांचे मला पटत नाही. वजन तर वाढतेच, शिवाय बॉडी कुठेच वाकेनाशी झाली की तो मार पोस्टवर आणि चेसिसवर जातो, आणि पोस्ट मोडले तर दिवस संपतो. भेग पडलेलीच असेल तर तिच्या अगदी टोकाशी दीड-दोन मिलिमीटरचे गोल भोक पाडायचे, म्हणजे ताण टोकाशी गोळा न होता भोकाच्या कडेवर पसरतो, आणि मग मागून जाळी. माझ्या भाच्याची मिनी अशा चार भोकांनिशी दोन वर्षे धावते आहे. तो त्या भोकांना खिळे म्हणतो आणि रंगाच्या ठिपक्यांनी ती दाखवतो. मला ते फार आवडते.

पहिली पद्मिनी गेल्या डिसेंबरात, आठ-दहा अंशांच्या थंडीत मैदानावर उतरली आणि एकतीस रविवार धावली. माझ्या कोणत्याही बॉडीने याच्या निम्मेही आयुष्य पाहिलेले नाही. या काळात तिचा एक आरसा गेला, मागच्या बंपरची दोन्ही टोके गेली, छतावर काँक्रीटचे ओरखडे आले. जुलैच्या शेवटच्या रविवारी, ओल्या मैदानावर घसरून ती भिंतीच्या टोकाला तिरपी लागली आणि डावीकडच्या मडगार्डाखाली, बंपर मिळतो त्याच कोपऱ्यात, करंगळीच्या नखाएवढी भेग पडली. वडिलांच्या गाडीचे मडगार्ड चेपले होते तीच बाजू. घरी येऊन मी कोपरा मोजला. मस्टँगपेक्षा तो पुष्कळ जाड होता, पण तीन मिलिमीटरची गोलाई तिथे कमी पडली असावी असे मला वाटते. पाच केली तर चादर तिथे थोडी जाड राहील, आणि पद्मिनीचे गाल एवढे गोल आहेत की दोन मिलिमीटरने तिचे रूप बिघडणार नाही.

भेगेच्या टोकाशी भोक पाडले, जाळी लावली, चिठ्ठी चिकटवली. पण तिला अजून भिंतीवर टांगलेले नाही, कारण येत्या रविवारी ती धावणार आहे. साचा घेऊन सुतारदादांकडे गेलो, तर दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. रंगाविना उभे असलेले बैल उंबऱ्यापर्यंत आले होते. त्यांनी साचा हातात घेतला, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, मला काय हवे ते न सांगता ओळखले आणि तो वरच्या फळीवर ठेवला. “होऊन जाईल भाऊ,” ते म्हणाले, “पण पोळा झाल्यावर. मारबत निघू द्या, मग या.”